मण्यांचे ताजे हार

शेतीचं नुकसान भरून काढायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोला शेतीखेरीज दुसरं काहीतरी शिकवणं, यावर आता सगळ्या तज्ज्ञांचं एकमत झालं आहे. (तज्ज्ञांचं एकमत झाल्याची ही अलीकडची एकमेव घटना.) सोयाबीन गेलं तर मेणबत्त्या, कापूस गेला तर कागदी पिशव्या, तूर गेली तर अळिंबी, अशी चोख व्यवस्था वऱ्हाडात कित्येक वर्षं सुखाने चालू होती. फक्त झेंडू गेला तर काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ती उणीव शेतकरी कुटुंब कलाकौशल्य महामंडळाने भरून काढली. झेंडूवर उपाय, मण्यांचे दागिने. शिकवणी मोबाइलवर, म्हणजे घरबसल्या आणि फुकट.

पातूरजवळच्या जयवंता नावाच्या बाईचा झेंडू त्या साली नवरात्राच्या आधीच पावसाने उभाच्या उभा सडला. वावरात पाय घातला की चिखल आणि कुजका वास. नेमका त्याच दिवशी तिच्या मोबाइलवर संदेश आला: "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." महामंडळ उशिरा पोचतं असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

घरबसल्या शिकायला जयवंताची ना नव्हती, पण घरात रेंज नव्हती. रेंज होती ती वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या छपरावर. तेव्हा रोज दुपारी ती छपरावर चढून शिकायची आणि तिचा नवरा ओमप्रकाश खाली शिडी धरून उभा राहायचा. महामंडळाच्या अहवालात नंतर छापून आलं की सत्त्याण्णव टक्के महिलांचं जीवनमान उंचावलं. (उरलेल्या तीन टक्क्यांकडे शिडी नसावी.)

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. फार गोड बाई. पहिला सगळा तास त्यांनी मण्यांचं नावसुद्धा काढलं नाही. "आधी डोळे मिटा आणि आपल्या आत बघा, तुमच्या आत एक डिझायनर बसलीय," असं त्या म्हणाल्या. जयवंताने डोळे मिटून आत पाहिलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही, एवढंच तिला आढळलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी अठरा इंचांचा नेकलेस करायला सांगितला. आता जयवंताचा जन्म हार गुंफण्यात गेलेला. तिच्या बोटांना इंच कुठले ठाऊक? तिचं माप हात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तिने केलेला नेकलेस गुडघ्याला लागला. "वॉव, किती बोल्ड!" मॅडम म्हणाल्या. (मॅडम सगळ्यांनाच वॉव म्हणत. मोर्शीकडच्या एका बाईच्या मोबाइलसमोर चुकून म्हैस आली, तिलाही म्हणाल्या होत्या.) पुढच्या तासाला बारीक मण्यांचा गोल झुपका कसा बांधायचा ते आलं. झुपका मात्र जयवंताला पहिल्याच खेपेला साधला. हुबेहूब झेंडू!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. जयवंताला दागिन्यांची हौस अजिबात नव्हती. तिला काळजी होती जागेची. अकोल्यात देवळासमोर फुलवाल्यांची ओळ आहे आणि त्या ओळीत निंबाखालची जागा तिची. तिच्या आधी तिची सासू पार्बताबाई तिथे बसली. जागा ऐसपैस, सावलीची, पायऱ्यांच्या नाकासमोर. ओळीचा कायदा असा की घरच्या वावरातला माल विकणाऱ्यानेच तिथे बसायचं, विकतचं फूल आणलं की जागा गेली, आणि ऐन नवरात्रात टोपली रिकामी राहिली तरी जागा गेली. कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो कडक पाळला जातो. जयवंताच्या शेजारी नालीवर आशाबाई बसते. तिचं वावर जयवंताच्या वावराला लागूनच, पण उंचावर, तिची शेवंती त्या पावसात वाचली होती. गेली कित्येक नवरात्रं ती नालीचा वास घेत निंबाकडे बघत होती.

घटस्थापनेच्या सकाळी जयवंता टोपली घेऊन निंबाखाली बसली. टोपलीत नारिंगी-पिवळ्या मण्यांचे हार. मणी समोरच्या बांगडीवाल्या कुलसुमबीने दिलेले. तिच्याकडे तो रंग पडून होता. जयवंताने फडकं ओलं केलं, हारांवर टाकलं आणि मुठीने पाणी शिंपडलं. मुद्दाम नव्हे. टोपली मांडली की पाणी शिंपडायचं, हाताला ते एवढंच ठाऊक.

"अगे जयवंता, मोतीपे पानी कौन मारता गे?" कुलसुमबी दुकानातून ओरडली. "कोंब फुटनेवाले है क्या उसकू?"

आशाबाई मात्र हसली नाही. तिने तडक खुशालरावांना बोलावलं. खुशालराव बेल आणि दूर्वा विकतात. ओळीत सर्वांत म्हातारे, त्यामुळे न्यायनिवाडा त्यांच्याकडे.

"पाहा बरं भाऊ, हे काय हार हायत? मनी हायत मनी! उठवा इले इथून."

"भाऊ, घरीच गुंफले ना मी," जयवंता म्हणाली. "सासूची जागा हाय. आज उठली तं मले परत कोन बसू देते इथं?"

खुशालरावांनी हार उचलला, पाणी निथळू दिलं आणि बराच वेळ विचार केला. तेवढ्यात रस्त्यावर एक साहेब मोटारसायकलवर थांबले. खाली उतरले नाहीत, गाडी बंदही केली नाही.

"ताजे आहेत ना?"

"सकाळचेच हायत साहेब, घरच्या वावरातले," जयवंताच्या तोंडून निघून गेलं. वीस वर्षांची सवय, तोंड तिला विचारत नाही.

साहेबांनी हार नाकाला लावून खोल श्वास घेतला. "वास कसा नाही?"

जयवंताने पुन्हा मूठभर पाणी शिंपडलं. "हायब्रीड हाय साहेब."

"बरोबर," साहेब म्हणाले. त्यांची शेतकीची पदवी होती. हायब्रीडमध्ये आकार येतो पण सुगंध जातो, हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, हार हँडलला अडकवला आणि गेले.

खुशालरावांना निकाल सापडला. "पाय जयवंते, जोवर गिऱ्हाईक याले फूल समजून नेते, तोवर हे फूलच. पन ज्या दिशी तू सोताच्या तोंडानं याले मनी म्हनशीन, त्या दिशी हे जागा आशाबाईची." असा निकाल वरच्या कोर्टातही सहज टिकला असता.

नवरात्र छान पार पडलं. हार खपले. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेचे लोक घेऊन गेले. कुणी दोन बोटांनी दाबून बघितलं, कुणी कालचे तर नाहीत ना असं दरडावलं. संध्याकाळी "आता कोमेजले, कमी कर" म्हणत घासाघीस झाली आणि जयवंताने कमी केलं. उरलेले हार ती घरी नेऊन उसवायची आणि पहाटे पुन्हा गुंफायची, कारण आशाबाईने शिळा माल चालणार नाही असं बजावलं होतं आणि तिचं म्हणणं सगळ्या ओळीला पटलं होतं. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी दोनदा वॉव म्हटलं. एकूण योजना यशस्वी झाली.

दसऱ्यानंतर नुकसानीच्या पाहणीला साहेब आले. जयवंता बांधावर उभी होती. या पाहणीवर तिचा सगळा भरवसा होता, कारण पुढच्या झेंडूची रोपं भरपाईच्या पैशांशिवाय येणार नव्हती. जीपमधून उतरले ते मोटारसायकलवालेच साहेब. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर आशाबाई कंबरेवर हात ठेवून आली होती. उगीच, शेजारधर्म म्हणून.

साहेबांनी काळं पडलेलं वावर पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि मग जयवंताकडे पाहिलं.

"बाई, नुकसान कसलं दाखवता? घटस्थापनेला तुमच्याकडूनच हार घेतला मी. घरच्या वावरातला, सकाळचा. तुम्हीच म्हणालात. देवघरात अजून तसाच आहे. काय पीक आहे हो! आणि सडलं म्हणता?"

ओमप्रकाशने तोंड उघडलं. जयवंताने त्याचा हात दाबला.

"बोल ना व जयवंते," धुऱ्यावरून आशाबाई अगदी मायेने म्हणाली. "सांग साहेबाले, काय होतं थे."

जयवंताला रडू येत होतं. एक शब्द होता, दोन अक्षरांचा. म्हटला तर वावर वाचणार होतं आणि निंब जाणार होता. तिने सडलेल्या झेंडूकडे बघितलं. मग पार्बताबाईची सावली आठवली, ऊन, पायऱ्या, नाली आठवली.

"फूलच होतं साहेब," ती म्हणाली. "हायब्रीड."

साहेबांनी लिहिलं: पीक उत्तम, नुकसान निरंक. जाताना त्यांनी तिला शाबासकी दिली आणि दिवाळीसाठी चार हार सांगून ठेवले. आशाबाई हिरमुसून घरी गेली.

आता तुम्ही हसत असाल. शिकलेली माणसं, आणि प्लास्टिकचे मणी हुंगतात, वर वासाची तक्रार करतात! खरं आहे, हसण्यासारखंच आहे. फक्त हसून झालं की जरा उठा आणि तुमच्या देवघरातल्या फोटोवरचा हार बघा. मागच्या दसऱ्याला घाईघाईत गाडीवरून न उतरता घेतलेला तो. वर्ष होत आलं, तो सुकला कसा नाही, असं घरात कुणी विचारलेलं नाही. तुम्ही रोज सकाळी त्यावर पाणी तेवढं शिंपडता.