पाळणा गैरहजर

मला वाटलं होतं, आमच्या गावच्या जुन्या चर्चमधल्या संग्रहालयात वस्तू कपाटात ठेवलेल्या असतील. प्रत्यक्षात त्या रोज सकाळी दहाला घरून कामावर येत आणि संध्याकाळी पाचला घरी जात.

मी परदेशात तीन वर्षं संग्रहालयशास्त्र शिकले. तिथल्या वस्तू संग्रहालयातच राहायच्या. त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. आमच्या सांडोळीत मात्र चौसष्ट वस्तू घराघरांतून यायच्या. रहाट गडगडत यायचा. केळी वाळवून सुकेळी करायचा माच वाड्यांमधून चार पायांवर सावकाश यायचा. पाटा आणि वरवंटा एकाच घरचे, पण वेगवेगळ्या रस्त्यांनी यायचे. त्याचं कारण कुणी विचारत नसे. आल्यावर प्रत्येक वस्तू हजेरीपुस्तकावर टेकून आपला ठसा उमटवायची आणि जागेवर जाऊन उभी राहायची. उशिरा येणारी एकही नाही. इतकं शिस्तीचं संग्रहालय मी कुठे पाहिलं नव्हतं. आयुष्य इथेच काढायचं, हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी आईला सांगून टाकलं.

हजेरीपुस्तक बस्त्यावकाका सांभाळत. या चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना व्हायची तेव्हा ते घंटा वाजवायचे. रस्त्यालगत नवं चर्च झालं, घंटा तिकडे गेली, काका इथेच राहिले.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. रोजच्या जाण्यायेण्याने वस्तू झिजतात, म्हणून एका संध्याकाळी मी पाच वाजण्याआधीच दाराला कुलूप घातलं. सकाळी चौसष्टच्या चौसष्ट वस्तू जागेवर होत्या. काकांनी मात्र सगळ्यांच्या नावापुढे गैरहजेरी मांडली.

"समोर उभ्या आहेत ना सगळ्या?" मी म्हटलं.

"उभ्या आहेत. पण आल्या कुठे? जो गेलाच नाही तो येणार कसा, बाय? आणि काल गावात वाटण झालं नाही. तुझ्या आईनेसुद्धा बटाटे उकडून खाल्ले. बोलली नसेल तुला."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी कुलूप आईच्या ताब्यात देऊन टाकलं.

मग जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं. शुक्रवारी अकरा वाजता साहेब पाहणीला येणार होते. त्या वेळी नोंदीतल्या सर्व वस्तू संग्रहालयाच्या छताखाली हजर हव्यात. एक जरी कमी भरली तरी मान्यता मिळणार नाही. मान्यता नाही मिळाली तर चारशे वर्षांचं हे चर्च पाडून तिथे वाहनतळ करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. आणि एकोणचाळीस नंबरचा सागवानी पाळणा आठ दिवस आलेला नव्हता.

"रजेवर आहे का?" मी विचारलं.

"रजा कसली! कातरीनच्या सुनेला मुलगी झाली. त्याचं घरी काम निघालंय." काकांनी आवाज खाली आणला. "लोपीसांकडे तसलाच एक पाळणा आहे. उभा करू. साहेबाला काय कळतंय?"

"नाही काका."

"वाटलंच मला. शिकलेल्या माणसाबरोबर काम करायचं म्हणजे हे असं."

गुरुवारी संध्याकाळी मी पाळण्यासाठी हजर राहण्याचा लेखी आदेश घेऊन कातरीनमावशीकडे गेले. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"आलीस? पाळण्याला पकडून न्यायला आलीस म्हणे. अख्ख्या आळीत बोंब झालीय."

"एका तासाचा प्रश्न आहे, मावशी."

"मला कशाला सांगतेस? मी काय त्याची मुकादम आहे? त्याला विचार."

आत जाऊन मी पाळण्याला आदेश वाचून दाखवला. ऐकण्यासाठी तो हलायचा थांबला. तेवढ्यात बाळ रडलं. पाळणा पुन्हा हलू लागला. मी आदेशाच्या मागे 'नकार' अशी नोंद केली.

"आठव्या महिन्यात झालीय पोर," मावशी दारातून म्हणाली. "दवाखान्यातून आणली तर दोन दिवस डोळा मिटला नाही तिचा. याच्यात घातली आणि झोपली."

"मग बाळासकटच येऊ दे त्याला."

"महिनाभर उंबऱ्याबाहेर काढू नका म्हणून डॉक्टरने बजावलंय. परदेशात काय शिकवतात गो अशा वेळी?"

"अशा वेळेचं काही शिकवलं नाही."

"मग तीन वर्षं करत काय होतीस तिकडे?"

मी बाळाच्या हाताला बोट लावलं आणि परत आले.

शुक्रवारी वस्तू नऊलाच आल्या. सगळ्या धुऊन पुसून आल्या होत्या. रहाटाने तर आसाला तेल लावून घेतलं होतं. पाळण्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. तिच्या अलीकडे पाटा, पलीकडे वरवंटा, दोघंही थोडे अंग चोरून उभे होते. मी पत्र पुन्हा उघडलं. छताखाली, असं त्यात लिहिलं होतं. ते छत कुठे असावं, याबद्दल एक शब्दही नव्हता.

"काका, आपलं चर्च कधी कुठे गेलंय?"

"नाही बा. माझ्या माहितीत तरी नाही."

"कुणी विचारलं होतं त्याला?"

काकांनी वर आढ्याकडे पाहिलं. "विचारलं नसेल. चारशे वर्षं सगळी माणसंच याच्याकडे यायची ना. ते कशाला जाईल कुणाकडे?"

कातरीनमावशीचं घर मला माहीत होतं. बसकं, कौलारू, दोन खोल्यांचं. चर्च तिथे जाऊन बसलं तर मधल्या दालनात ते ओट्यासकट सहज मावलं असतं. मी काकांना हजेरीपुस्तकात चर्चसाठी पासष्टावी ओळ आखायला सांगितलं. साहेबांना फोन करून नवा पत्ता कळवला. मावशीला निरोप धाडला की अंगणातल्या केळी तेवढ्या आडव्या बांधून ठेव, बाळाला उठवायची गरज नाही.

साडेनऊ झाले होते. मी वेदीसमोर उभी राहिले आणि विचारायचंच ठरवलं.

"पोर लहान आहे, तिला येता येत नाही," मी चर्चला म्हटलं. "तुम्ही याल का तिच्याकडे?"