गोविंद हवालदारांच्या हवाली

गोविंद हवालदारांना कुणी 'शिपाई' म्हटलेलं खपत नसे. बोईसर स्टेशनाबाहेर एका परप्रांतीय मजुराने त्यांना "सिपाहीजी" अशी हाक मारली आणि बिचाऱ्याची गाडी चुकली. गुन्हा काही नव्हता. हवालदारांनी त्याला शब्दाचा अर्थ समजावला, एवढंच.

"सिपाही नाय, हवालदार! हवाला म्हंजे सोपवलेलं, दार म्हंजे सांभाळनारा. फारशी शब्द हाय. महाराजांच्या वेळी आख्खा किल्ला हवालदाराच्या हवाली असायचा, कळलं?"

मजूर मान डोलावत राहिला. त्याला मराठी येत नव्हतं.

ही विद्या त्यांना ठाण्याला एका उर्दू जाणणाऱ्या कारकुनाकडून मिळाली होती. लोक ठाण्याहून बढती आणतात, यांनी व्युत्पत्ती आणली. एकदा तपासणीला आलेल्या फौजदारसाहेबांनाच त्यांनी सांगितलं, "फौजदार म्हंजे फौजेचा धनी. सायेब, तुमची फौज कुठं हाय?" फौज म्हणजे समोर उभे असलेले गोविंदराव एकटेच होते. बढतीचा प्रश्न कायमचा मिटला.

किल्ल्याच्या जागी त्यांच्याकडे एक पत्र्याची चौकी होती. मी तेव्हा बोईसरला शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत बायकोसह राहत होतो. साठ सालानंतरचा काळ. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं आणि रोज नवी माणसं गावात उतरत होती. गोविंदरावांच्या शब्दाचा उपयोग लोकांनी लवकरच ओळखला. जवळच्या नवापूर बंदराची कोळीण मावशी माशांची पाटी चौकीत टाकून बाजारात जाई. कुणी कोंबडी आणून देई, कुणी शेळी बांधून जाई. अट एकच. "ठेवते" म्हटलेलं चालत नसे.

"'हवाली करते' म्हन, मंग ठेव!"

चौकीत चोर कधी आणलेला मी पाहिला नाही. आणला असता तर आधी शेळीला उठवावं लागलं असतं.

एका दुपारी बीडकडचा एक तरुण मजूर म्हाताऱ्या आईला घेऊन चौकीत आला. बांधकामावर काम मिळालं होतं, राहायला जागा नव्हती. "खोली मिळंस्तवर आईला तुमच्या हवाली करतो," तो म्हणाला. हा शब्द त्याला कुणी पढवला देव जाणे. हवालदार विरघळले. ते विधुर, मूलबाळ नाही. म्हातारीला सरळ घरी घेऊन आले.

"गोविंदराव, शेळी न्यायला माणसं परत येतात," मी म्हटलं. "आईला न्यायला कोण येतंय?"

"येल, मास्तर."

पावसाळा सरला. मुलाचा पत्ता नाही. म्हातारी दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि संध्याकाळी गोविंदराव दिसले की ओरडायची, "गोविंदा, किती रं उशीर? भाकर वाळून गेली!" फौजदाराला न भिणारा हा माणूस खाली मान घालून आत जाई. पुढे पुढे ते दुपारीही घरी जेवायला येऊ लागले. ती त्यांना हवालदार म्हणत नसे, पण तिला त्यांनी एकदाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुलगा आला. निम्मा झाला होता. कावीळ होऊन इस्पितळात पडून होतो, म्हणाला. आता तारापूरला खोली मिळाली आहे. म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडली. मग गोविंदरावांकडे वळली.

"गोविंदा, तू म्हनशील तसं. ऱ्हा म्हनलास तर ऱ्हाते."

माझी बायको दारातून त्यांना हातवारे करत होती, 'म्हणा की, राहा!'

गोविंदराव आत गेले ते गणवेश चढवून, पट्टा आवळून बाहेर आले. म्हातारीचं बोचकं त्यांनी उचललं.

"जा माय. सोपवलेलं आपन ठेवून घ्यायला लागलो, तर चोर कोन नि हवालदार कोन?"

एसटीत तिला खिडकीची जागा त्यांनीच मिळवून दिली. धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्याशी आले. टोपी काढून हातात घेतली. "वैनी, काय रांधलंय?"

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे पाण्याचा घोटही मागितला नव्हता. बायकोने पान वाढलं. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी मान वर केली.

"मास्तर, तारापूर हितून किती लांब हो?"

त्या रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी पायी चालण्यात गेली होती.

"जवळच आहे," मी म्हटलं.