पंधरावी रांग

लग्नाला आठ दिवस उरले होते. सूट शिवून आला होता, आता फक्त टाय, टायपिन आणि वरच्या खिशातला रुमाल एवढंच घ्यायचं बाकी होतं. अर्ध्या तासाचं काम, असं नवरदेवानं गृहीत धरलं आणि बाबांना बरोबर घेतलं. तिथंच सगळं हुकलं.

बाबा ही साधी असामी नव्हे. एका नाटक कंपनीचं सामानसुमान त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. डब्याच्या झाकणापासून त्यांनी असा मुकुट केला होता, की चोरांनी तो पळवला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दारात आणून ठेवला. घरात ही हकिगत पदक मिळाल्यासारखी सांगितली जाई. नवरदेव स्वतः रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. त्याचं सगळं जग कणाएवढं. त्यामुळे बापाच्या हातची जादू बघून तो लहानपणी थक्क व्हायचा तसा अजूनही व्हायचा.

फक्त बाबांचं एक तत्त्व होतं. कुठलीही वस्तू पंधराव्या रांगेतून कशी दिसते, ते बघूनच घ्यायची. पहिल्या रांगेत फुकट पासवाले बसतात, पदरचे पैसे मोडून आलेला माणूस पंधराव्या रांगेत असतो आणि त्याला दिसलं पाहिजे, असं ते म्हणत.

दुकानदारानं पिना मांडल्या. नवरदेवाला एक बारीक मोती असलेली पिन पाहताक्षणी आवडली. बाबांनी ती दुकानदाराला छातीशी धरायला सांगितली आणि ते मागं मागं सरकू लागले. दुकान संपलं तसे ते दाराबाहेर पडले, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि तिथून त्यांनी नकाराची मान हलवली.

मग दुकानदार काचेपाशी उभा राहून एकेक पिन दाखवू लागला आणि बाबा समोरून एकेक पिन मोडीत काढू लागले. मध्येच एक ट्रक येऊन थांबला, तर तो हलेपर्यंत सगळे थांबले. बाबांच्या शेजारी आधी एक पोस्टमन उभा राहिला, मग दोन बायका, मग कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा. त्यांनाही काही दिसत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणानं सांगत होते. विसाव्या पिनेनंतर दुकानदाराच्या पायात गोळे आले आणि त्यानं आधाराला म्हणून काचेजवळचा पडदा धरला. त्याबरोबर समोर बाबांचे दोन्ही हात वर गेले.

"हेच," धापा टाकत आत येऊन ते म्हणाले. "मघापासून कुठं दडवलं होतंत?"

दुकानदारानं हात बाजूला केला. पडदा गोळा करून बांधायचं ते पितळेचं फूल होतं, चांगलं बशीएवढं. हे कपड्याला लावायचं नसतं, हे त्यानं नम्रपणे सांगून पाहिलं.

"ते काय आहे हे मी विचारलंच नाही," बाबा म्हणाले. "काय दिसतं ते मी पाहिलं."

नवरदेवानं आशेनं दुकानदाराकडे पाहिलं. पण तो भला माणूस ते फूल नवरदेवाच्या हातात देऊन स्वतः रस्ता ओलांडून गेला आणि पार बदलून परत आला. तिथून साहेब खरोखर राजबिंडे दिसतात, असं त्यानं सांगितलं आणि फूल बांधून दिलं. पडदा खाली टायांवर कोसळला, त्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

फुलाच्या वजनानं कोट डावीकडे लोंबू लागला. तोल साधायला बाबांनी उजव्या खिशात नाटक कंपनीच्या गोदामाचं कुलूप टाकलं. आता दोन्ही खांदे उतरले, म्हणून आत कापूस भरला. एवढ्या रुंद छातीवर टाय नाडीसारखा दिसायला लागला, म्हणून टाय बदलून ओंजळभर रुंदीचा आणला. नवरदेव रोज सकाळी नाही म्हणायचं ठरवी. पण बाबा गुणगुणत, जीभ दातांत धरून, ते फूल कोटावर शिवत होते आणि त्यांचा टाका इतका सुरेख होता, की नाही म्हणायचं राहूनच जाई. एकच भीती होती. होणारी बायको हसली तर? आणि ती हसताना बाबांनी पाहिलं तर?

वाटेत गाडीत फूल उपटून काढायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण नाटकातल्या लढाईत बटण तुटू नये म्हणून वापरतात तो मेण लावलेला दोरा होता. फूल हललं नाही, नख मात्र तुटलं.

नोंदणी कार्यालयाच्या लांबलचक दालनात वधूनं आधी फुलाकडे पाहिलं, मग नवरदेवाच्या तोंडाकडे, मग पुन्हा फुलाकडे. ती हसली नाही, याचा त्याला जास्त धसका बसला. पाहुणे पुढच्या चार रांगांत मावले होते. बाबा मात्र बोटांनी रांगा मोजत मोजत मागं जाऊन एकटेच बसले.

सह्यांची वेळ आली आणि अधिकाऱ्यांनी मुलाकडच्या साक्षीदाराला पुढं बोलावलं. बाबा पुढं आले, टेबलाशी वाकले, सही करून त्यांनी वर पाहिलं आणि ते तसेच उभे राहिले. मुलाला इतक्या जवळून त्यांनी बऱ्याच वर्षांत न्याहाळलं नव्हतं.

"इथून तर हे भलतंच दिसतंय रे," ते हळूच म्हणाले. "जवळून तुला काहीच लागत नाही." आणि त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली.

आठ दिवस नवरदेव ज्या क्षणासाठी झुरत होता, तो हा. पण आपल्या कोटाकडे आलेला तो हात पाहून त्याचा जीव गलबलला आणि त्यानं तो हात धरला.

"तुम्ही परत मागं जाऊन बसणार ना, बाबा? मग राहू दे. तुम्हाला दिसलो पाहिजे."

वधूनं बाबांच्या बोटांतून कात्री हलकेच काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"बसा तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "आणि तिथून मी दिसते का, तेवढं सांगा. नाहीतर मलाही असलंच काहीतरी करून द्या."

बाबा पंधराव्या रांगेत जाऊन बसले. बराच वेळ त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि मग झकास दिसताय, अशी हातानं खूण केली. डोळे भरून आल्यामुळे त्या वेळी आपल्याला काहीएक दिसत नव्हतं, हे त्यांनी घरी आल्यावर कबूल केलं.