योहानभाऊंची पाणसळ

योहानभाऊंनी हिंगणीत पाऊल ठेवलं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत माझी खाट मोजली. खिशातून गवंड्याची असते तशी वीतभर पाणसळ काढली, खाटेवर ठेवली, काचेतला बुडबुडा एका बाजूला पळालेला पाहून कपाळाला हात लावला आणि एका पायाखाली छपरावरच्या कवेलूची खापरी सारली. मी इथला शाळामास्तर. त्या तिरक्या खाटेवर चार वर्षं सुखाने घोरत आलो होतो. सरळ झाल्यावर मला तिच्यावर झोप येईना.

नॉर्वेहून विहिरी खोदायला आलेला हा ताडमाड माणूस शाळेतच उतरला. जेवणासाठी गावाने वार लावून दिले होते. ज्या घरी वार, त्या घरचा पाट, पोळपाट, काही सुटायचं नाही. "वाकडं हाय बा!" हे वाक्य ते पहिल्याच आठवड्यात शिकले आणि पुढे दुसऱ्याची त्यांना फारशी गरज पडली नाही. पाटलांच्या नव्या ओट्यालाही त्यांनी ते पाटलांदेखत ऐकवलं.

पोस्टमन दिसला की मात्र हातातलं टाकून फाटकाशी यायचे. पत्र माझं असायचं. "ठीक हाय," म्हणून परत जायचे.

विहीर हवी होती ती बौद्धांच्या वस्तीला. दीक्षा घेऊन वर्ष झालं, तरी गावच्या विहिरीवर त्यांना घागर घेऊन ताटकळावं लागे. वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी. वस्तीतली जमीन भुसभुशीत. म्हणून लाकडी कड्यावर विटांची गोल भिंत रचायची आणि आत उतरून कड्याखालची माती काढत जायची, म्हणजे भिंत हळूहळू खाली बसते. एका अंगाने आधी बसली, तर आतल्या माणसाच्या अंगावरच येणार. आत उतरायचा पुंडलिक. वर त्याची बायको सखूबाई मातीच्या पाट्या ओढायची.

एके दिवशी बोटभर फरकासाठी योहानभाऊंनी तीन थर उतरवायला लावले. गवंडी वैतागला. "विहिरीले काऊन पाणसळ लावता, भाऊ? पाणी सोताच सरळ राह्यते!"

सखूबाईचा तर तोल सुटला. "या बुडबुड्याच्या नादात आमी तहानेनं मरून जाऊ!"

"वाकडं हाय बा," योहानभाऊ म्हणाले आणि स्वतःच विटा उतरवू लागले. मलाही तेव्हा त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्याच पंधरवड्यात, भर दुपारी, धडाड आवाज झाला. अख्खी भिंत दोन हात खाली गेली. धुळीत काही दिसेना. सखूबाईने हंबरडा फोडला. योहानभाऊ काठावर पालथे पडून आत पाहत होते.

मग खालून खोकला ऐकू आला.

"काऊन रडून राह्यली वं? दोर सोडा! पायाले पाणी लागलं!"

भिंत जशीच्या तशी, सरळ खाली बसली होती. एक वीट हलली नव्हती. पुंडलिक चिखलाने माखून वर आला, तेव्हा गवंड्याने पागोटं काढून त्याच्याच टोकाने डोळे पुसले. मीही देवाचं नाव घेतलं. योहानभाऊंनी आधी पुंडलिकला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं, पाणसळीची आठवण त्यांना नंतर झाली.

आठवड्याभराने सखूबाई त्यांना बोलवायला शाळेत आली. विहिरीशेजारी कडुलिंबाखाली तिने आपल्या हातांनी मातीचा ओटा घातला होता, शेणाने सारवला होता.

"लय बोलली मी तुमाले, भाऊ. हा तुमच्यासाठी हाय. बसाले."

"माह्यासाठी?" योहानभाऊंनी दोनदा विचारलं.

ओटा एका बाजूने चांगला चार बोटं उतरता होता. आंधळ्यालाही कळलं असतं. योहानभाऊंचा हात सवयीने खिशात गेला. पाणसळ अर्धी बाहेर आली. त्यांनी सखूबाईकडे पाहिलं आणि पाणसळ परत खिशात सरकवली.

"सरळ हाय," ते म्हणाले. "एकदम सरळ."

गाव सोडून जाईपर्यंत रोज संध्याकाळी ते तिथेच बसायचे, घसरू नये म्हणून एक पाय जमिनीला रोवून.