भैरू मुदत संपवतो

गल्लीच्या तोंडाशी पोलिसाची बुलेट धडधडली आणि भैरू एका गालाला फेस लावलेला असतानाच भाडेकरूंच्या मजल्यावर पळाला. चौथ्या खोलीतल्या बाथरूमला आतून कडी लागली. आंघोळीला निघालेला रत्नदीप टॉवेल खांद्यावर टाकून बाहेरच थांबला. "निवांत होऊ द्या, मालक," तो सवयीनं म्हणाला.

धाकट्या बहिणीच्या, पिंकीच्या हळदीला भैरूनं माण गावच्या रस्त्यावर आडवा मांडव घातला होता. पूर्वी मांडव खळ्यात पडायचा. आता खळ्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत, म्हणून तो रस्त्यावर पडतो. त्या दिवशी कंपन्यांच्या बसची रांग लागली. एक इंजिनिअर खाली उतरला, मांडवाचा व्हिडिओ काढला आणि "कोर्टात खेचतो" म्हणाला. भैरूनं त्याला जिलेबी दिली. ती त्यानं खाल्ली, पण शब्द मागे घेतला नाही.

एरवी भैरूनं हे मनावर घेतलं नसतं. पण त्यानं पोलिस पाटील होण्यासाठी अर्ज केला होता, आणि नावावर खटला लागला की अर्ज गेलाच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अनिकेतनं धीर दिला.

"रस्ता अडवण्याला नुसता दंड आहे, भाऊ. सहा महिन्यांत कुणी तक्रार केली नाही, तर पुढं कोर्ट असा खटला हातीच घेत नाही."

"म्हंजी सहा म्हैनं मी घावायचं न्हाई!"

"तसं नाही म्हणालो मी..."

पण भैरू तोवर कामाला लागला होता. खोल्याखोल्यांत निरोप गेला: कुणी विचारलं तर भैरू इथं राहत नाही, असं सांगायचं. नीट सांगेल त्याच्यासाठी पाण्याची मोटर अर्धा तास जास्त चालेल. टँकरवर जगणाऱ्या माणसांनी एवढ्यासाठी स्वतःचं नावही विसरून दाखवलं असतं.

आता मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. खाली बुलेटवरून आलेले हवालदार कैलास विचारत होते, "भैरू कुठंय?"

"अंकल तो यहाँ रहते ही नहीं," पहिल्या खोलीतून उत्तर आलं.

"हे नाव कधी ऐकलं नाही बुवा," दुसरीतून.

"आम्ही कालच आलोय," तिसरीतली शारदा म्हणाली. ती तीन वर्षं तिथं राहत होती.

बुलेट वळू लागली. तेवढ्यात अनिकेत पुस्तक घेऊन बाथरूमच्या दाराशी आला.

"भाऊ, एक गंमत वाचली. आरोपी लपून बसला तर तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत."

आतला नळ बंद झाला. "म्हंजी?"

"लपलं की घड्याळ थांबतं. तुमचे सहा महिने अजून सुरूच व्हायचेत बहुतेक."

दार धाडकन उघडलं. बंडीतला भैरू जिना उतरून रस्त्यावर आला आणि दोन्ही हात पसरून बुलेटपुढं उभा राहिला.

"हवालदारसायब, मी हितंच हाय! फरार न्हाई! नीट बघून घ्या!"

"कोण तुम्ही?"

"भैरू! मांडवाचा गुन्हेगार!"

"भैरू तर इथं राहत नाही म्हणतात. आणि कसला मांडव?"

"त्या इंजिनेरनं तक्रार न्हाई केली? जिलेबी खाऊन गेला त्यो?"

"कुणीच नाही केली."

मागे कंपनीच्या दोन बस येऊन हॉर्न वाजवू लागल्या.

"बाजूला व्हा, रस्ता अडवताय," कैलास म्हणाले.

"ह्यो गुन्हा धरू नगा, सायब!" म्हणत भैरूनं गटारापलीकडं उडी मारली.

कैलासनी बुलेट कडेला लावली. "म्हणजे पोलिस पाटलाचे उमेदवार तुम्हीच? तुमच्या चौकशीसाठी तिसऱ्यांदा येतोय. पाटील गावातच राहणारा लागतो. आणि सगळे सांगतात, असा माणूस इथं नाही. तसंच लिहून निघालो होतो."

"खोडा, सायब! समद्या खोल्या माज्या हायेत. इचारा कुणालाबी!"

"सगळ्यांना विचारून झालं."

"मग माज्या कारभारणीला इचारा! अगं ए तुळजा!"

तुळजाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. समोर पोलिस, शेजारी एका गालावर फेस असलेला नवरा. धरलं वाटतं ह्यांना! आता आपणच सोडवायला हवं. पदर सावरून त्या कैलासकडं रोखून बघत म्हणाल्या,

"ह्या माणसाला मी जल्मात बघितलेलं न्हाई, सायब."

आणि आत वळता वळता त्यांनी नवऱ्याला हळूच डोळा मारला.