पायरीजवळ लाल

आमचे घरमालक नागोजी अण्णा यांना झाडावर फूल आलेलं खपत नसे. कळी दिसली की त्यांच्या अंगठ्याचं नख पुढे यायचं, टच्‌ असा आवाज व्हायचा आणि कळी शर्टाच्या खिशात जायची. ते नख कायमचं हिरवं झालं होतं. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसून सारभात कालवत असले तरी माझं लक्ष त्या नखाकडेच जायचं. त्यांच्या पत्नी गिरिजक्का शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा उलटा करायच्या, आणि त्यातून रोज मूठभर सुकलेल्या कळ्या निघायच्या.

आम्ही सांगलीहून नोकरीपायी बेंगळुरूला आलो आणि येलहंक्यात अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "वा, तुम्हीही महाराष्ट्रातले!" अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आम्ही साडेतीनशे वर्षांमागे आलो, सार. तुम्ही काल आलात. नोडी, स्वल्प फरक आहे." त्यांचं मराठी असं आहे. वाक्य मराठीत निघतं आणि वाटेत दोन-तीन कानडी शब्दांना गाडीत घेतं. दर वाक्यात 'स्वल्प' येतो, म्हणजे थोडं; 'नोडी' म्हणजे बघा, आणि काहीही पटलं की 'सरी'.

अण्णांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढली. मशीनवरचा रंग ठरल्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे बघायचं काम. निवृत्त झाले तरी डोळ्यांनी ते काम सोडलेलं नाही. सांबार, साडी, आकाश, माणूस, सगळ्यांना त्यांची एकच कसोटी. माझी बढती हुकली त्या संध्याकाळी मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. जिन्यापाशी गाठ पडली तसे म्हणाले, "सार, आज शेड स्वल्प उतरलीय." आणि घरात जाऊन माझ्यासाठी फिल्टर कॉफी घेऊन आले.

तर अशा माणसाच्या अंगणात नुसती पानं. लाल, पिवळी, जांभळी, गुलाबी, ठिपक्यांची, शिरांची, पण पानंच. कंपाउंडच्या भिंतीला लागून पन्नासेक लहान कुंड्या, आणि घराच्या पायरीपासून गेटापर्यंत चार मोठ्या. पायरीजवळ लाल कोलियस, नळाजवळ पिवळा क्रोटन, मग जांभळा रिओ आणि गेटाशी गुलाबी कॉर्डिलाइन. चारही कुंड्या सिमेंटच्या, एका मापाच्या, आणि प्रत्येकीखाली ऑइलपेंटनं काढलेलं वर्तुळ. कुंडी बोटभर सरकली तरी अण्णांना गेटातून कळतं. आणि पानाला हात लावायचा नाही, हा कडक नियम. हात लागला की शेड जाते म्हणे. हा नियम गिरिजक्कांनाही होता.

खुडण्यामागे शास्त्र आहे, हे मी मान्य करतो. कोलियस तुळशीच्या भावकीतलं. त्याला तुरा आला की झाडाचं सगळं बळ तुऱ्यात जातं, पानं बारीक होतात, रंग फिका पडतो. म्हणून तुरा खुडायचा. पण अण्णा तेवढ्यावर थांबले तर ना! माझ्या बायकोनं, माधवीनं, हौसेनं मोगरा आणून गच्चीत ठेवला. बारा कळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही. माधवी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी अण्णा तांबूस पानांच्या बिगोनियाची कुंडी घेऊन वर आले. "फूल दोन दिवस राहतं, अम्मा. पान वर्षभर राहतं. तुम्हीच सांगा, भरवसा कोणाचा धरायचा?" एका नर्सरीतही त्यांनी विक्रीच्या कोलियसचे तुरे खुडले होते. तिथल्या माळ्यानं हाकललं तेव्हा त्यालाच उलट ऐकवून आले की मजुरी घेणार होतो, सोडून दिली.

आमच्या गल्लीत पहाटे फिरायला निघणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडा लावलेली काठी असते. देवाला फुलं लागतात आणि ती दुसऱ्याच्या कंपाउंडमधली असली की देवाला जास्त आवडत असावीत. ही मंडळी सगळ्या गेटांशी थबकायची, फक्त आमच्यापाशी मान खाली घालून पुढे जायची. "नोडी," अण्णा छाती फुगवून म्हणायचे, "माझ्या घरी चोरण्यासारखं काही नाही."

रोज सकाळी आठला अंगणात एक कार्यक्रम असे. मी दूध घेऊन जिना चढत असायचो, त्यामुळे रोज दिसायचा. अण्णा गेटाशी उभे राहायचे. गिरिजक्का पायरी उतरायच्या, एकेका कुंडीपाशी थांबून तिच्या काठावर बोटं टेकवायच्या आणि शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणायच्या, "पायरीजवळ लाल." अण्णा म्हणायचे, "बरोबर." "नळाजवळ पिवळा." "बरोबर." असं गेटापर्यंत. शेवटच्या 'बरोबर'नंतर अण्णा 'सरी' म्हणून टाळी वाजवायचे. मला वाटायचं, मूलबाळ नाही, दोघंच आहेत, खेळतात बिचारी.

खेळ नव्हता तो. एकदा माधवी खाली डोसे द्यायला गेली तेव्हा गिरिजक्कांनी तिला विचारलं, "कोण, माधवी का?" समोर उभी असताना. मग त्यांनीच सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं होतं. मधली नजर आधी गेली. माणसाचं तोंड दिसेना, अक्षर दिसेना, पायरी दिसेना. राहिले ते रंगाचे मोठे ठिपके. डॉक्टर म्हणाले, तेही हळूहळू जातील. कधी, ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी घरी येऊन अण्णांनी अंगणातले गुलाब, जाई, शेवंती, सगळं मुळासकट काढलं. गिरिजक्कांनीच लावलेली झाडं होती ती. फुलाचा रंग आज आहे, उद्या नाही. बायकोला रोज त्याच जागी, तेवढाच ठळक रंग दिसायला हवा. म्हणून पानं. पायरी कुठे आहे ते लाल सांगणार, नळ कुठे ते पिवळा. आणि ती रोज चार रंग ओळखते तोवर नजर अजून आहे. "महिना-दोन महिन्यांनी डॉक्टरकडे नेत होते," गिरिजक्का म्हणाल्या. "मीच म्हटलं, बेडा, आता नको. तुमची चार झाडं तपासतात तेवढं पुरे."

हे कळल्यावर मी अण्णांची टिंगल करायची सोडून दिली. त्या नखाकडे बघून आता वेगळंच वाटायचं. पण पुढचं सगळं ज्याच्यामुळे घडलं, तोही मीच.

अण्णांना पुतणीच्या साखरपुड्यासाठी तुमकूरला जावं लागलं. एका दिवसासाठी, पण कित्येक वर्षांत ते घर सोडून मुक्कामाला गेले नव्हते. जाताना माधवीला दोन पानी सूचना दिल्या. त्यातलं दीड पान झाडांबद्दल होतं. आणि नेमका त्याच दुपारी अंगणाखालचा पाण्याचा पाइप फुटला. प्लंबर म्हणाला, खणायला हवं, कुंड्या हलवा. आम्ही दोघांनी धापा टाकत चारही कुंड्या बाजूला नेल्या. दोन तासांनी काम झालं, फरशा पुन्हा बसल्या. मी कुंड्या परत आणल्या. वर्तुळं चार, कुंड्या चार, सगळ्या एका मापाच्या. मला वाटलं, वर्तुळात ठेवल्या की झालं. शिवाय मी सांगलीचा माणूस; दुसऱ्याच्या घरात सुधारणा केल्याशिवाय मला राहवत नाही. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तशा मी त्या उंचीप्रमाणे लावल्या. पायरीजवळ बुटका रिओ, मग कोलियस, मग क्रोटन आणि गेटाशी उंच कॉर्डिलाइन. चारातली एकच आपल्या जागी राहिली. लांब उभं राहून बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला गेट वाजलं. अण्णा पिशवी खांद्याला लावून उभे होते, स्टेशनवरून थेट. मी दूध घेऊन जिन्यावर होतो. गिरिजक्का दारातच तयार होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "थांबा तिथेच, आधी हे होऊ दे."

अण्णांची नजर कुंड्यांवर गेली. मग माझ्यावर आली. त्यांचं तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता आपली धडगत नाही. पण तोवर गिरिजक्का पायरी उतरल्या होत्या. त्यांनी जांभळ्या रिओच्या कुंडीच्या काठावर बोटं टेकवली.

"पायरीजवळ लाल," त्या म्हणाल्या.

अण्णांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्या पुढे गेल्या. समोर लालभडक कोलियस होता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं, माझ्या डोळ्यांना तो टोचत होता. "नळाजवळ पिवळा." मग पिवळ्या क्रोटनपाशी, "इथे जांभळा." पावलं मोजून त्या चालत होत्या, आणि पानाला हात लावायचा नाही हा नवऱ्याचा नियम पाळत होत्या. एका पानाला बोट लावलं असतं तरी त्यांना झाड ओळखता आलं असतं. गेटाशी पोचल्या. "आणि गुलाबी. काय हो, आज बरोबर म्हणत नाही?"



"बरोबर," अण्णा म्हणाले. "चारही बरोबर. प्रवासानं घसा स्वल्प बसलाय."

टाळी वाजवायची राहिली. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वाजवली.

दुपारी गिरिजक्का झोपल्यावर अण्णा अनवाणी अंगणात आले. कुंडी ओढली तर आवाज होईल म्हणून ते ती उचलत होते, त्या वयात. मी धावत खाली गेलो. दोघांनी मिळून तीन कुंड्या आपापल्या जागी ठेवल्या. मी माफी मागायला लागलो तसं त्यांनी हात धरला.

"तुम्ही हलवल्या नसत्या तर मला कळलं नसतं, सार," ते म्हणाले. "नसतं कळलं तर बरं झालं असतं." मग लाल कोलियसची कुंडी वर्तुळात नीट बसवली. "आयुष्यभर रंग तपासला मी. आणि घरातलं मला दिसलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "गिरिजाला सांगू नका. मला कळलंय हे तिला कळलं तर ती सकाळची उठायची नाही."

मी शब्द दिला.

दोन दिवसांनी अण्णा भाजी आणायला गेले असताना गिरिजक्कांनी मला हाक मारली. त्या मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, परवा सकाळी मी काही चुकले का रे? ते थांबले होते बोलताना."

"नाही अक्का," मी म्हटलं. "प्रवासाचा शीण होता."

त्यांनी सुस्कारा सोडला. "खरं सांगते, मला आता काही दिसत नाही. गेल्या दसऱ्याला लाल होता, स्वल्प. मग तोही गेला. सगळं धुरकट. त्यांना सांगू नकोस. कळलं तर झाडांना पाणी कशासाठी घालतील? झाडं गेली की हा माणूस बसून जाईल."

तिथेही मी शब्द दिला. तेव्हापासून या घराचं गुपित दोन्ही बाजूंनी माझ्याकडे आहे, आणि खोटं बोलायला मी मुळीच लायक माणूस नाही.

अण्णा त्यानंतर बदलले. पाणी घालायचे, पण खुडायला हात उठत नव्हता. पायरीजवळच्या कोलियसला तुरा आला, निळसर, लांब. मला तो बघून धसका बसला. अशीच एकदा तुऱ्यावर एक मधमाशी आली. गिरिजक्का पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी एकदम मान वळवली, नेमकी त्या बाजूला. "नोडी, कोण आलंय," त्या म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी हसल्या. अण्णांनी हातातली झारी खाली ठेवली आणि कोलियसच्या फांद्या छाटून बाकीच्या कुंड्यांपाशीही लावल्या.

आता आमच्या अंगणात चारही कुंड्यांच्या पायाशी कोलियस लावलाय आणि सगळा तुऱ्यांवर आलाय. पानं बारीक झाली, रंग पार उतरला. नर्सरीवाला बघेल तर हसेल. काठीवाले गृहस्थ गेटाशी थबकू लागले आहेत आणि अण्णा पहाटेपासून खुर्ची टाकून पहारा देतात. "स्वामी, ते बेडा! ते देवाचं नाही!" असं ओरडतात. त्यांचं नख हळूहळू पांढरं होत चाललं आहे.

आठ वाजता कार्यक्रम होतोच. मी दूध घेऊन जिन्यात थांबतो. मधमाश्यांची गुणगुण चाललेली असते. गिरिजक्का उतरतात, त्या आवाजाशी थांबतात, काठावर बोटं टेकवतात. समोरचं पान मातकट झालेलं असतं.

"पायरीजवळ लाल," त्या म्हणतात.

"बरोबर," अण्णा म्हणतात.