भागुबाईंच्या घरचा भाडेकरू

काळ्या टोपीचा एक माणूस रस्त्यात उभा राहून घर न्याहाळतोय, हे दिसताच भागुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. घराकडे इतका वेळ पाहणारा एकतर चोर असतो नाहीतर सरकारी, असं त्यांचं मत होतं. आणि चोर दिवसाढवळ्या वही घेऊन येत नाहीत.

पंचवटीतलं ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं, रंगनाथचं. तो आफ्रिकेत नैरोबीला रेल्वेत नोकरीला गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत भागुबाई राहत, आणि पुढच्या भागात भांड्यांच्या दुकानात काम करणारा मोतीराम बायकोसह भाड्याने राही. भाडं भागुबाई घेत. त्यावरच त्यांची चूल पेटे.

"मी इन्कमटॅक्सच्या कचेरीतला कारकून. मालक परदेशी आहेत ना? पुढे भाडेकरू कोण?"

"भाडेकरू कुठला? आमचे पाहुणे आहेत ते. भावाचे साडू."

कारकुनाने लिहून घेतलं आणि पुन्हा येईन म्हणून तो गेला.

संध्याकाळी त्यांनी मोतीरामला पढवलं. "कोणी विचारलं तर तुम्ही रंगनाथचे साडू. भाडं मात्र गुपचूप मागल्या दाराने आणून द्यायचं."

मोतीराम विचारात पडला. "साडू भाडं देतो असं कोणी पाहिलं तर तुम्हीच अडचणीत याल, बाई. प्रकरण मिटेपर्यंत थांबू या."

त्याच्या सुरात काळजी होती, म्हणूनच भागुबाईंना ती खटकली. पण साडूची युक्ती त्यांचीच. त्या महिन्यात भाडं आलं नाही, पुढच्याही नाही. उलट मोतीरामची बायको सिंधुबाई त्यांना 'आक्का' म्हणू लागली आणि वाटी घेऊन थेट चुलीपाशी येऊ लागली. दिवाळीला तिची आई नांदगावहून आली, ती भागुबाईंच्याच खोलीत पथारी पसरून म्हणाली, "नात्यात कसलं विचारायचं?" भागुबाईंनी आपली पथारी भिंतीकडे सरकवली. काय सांगावं, म्हातारीलाच कचेरीने पाठवलं असलं तर?

कारकून पुन्हा आला तेव्हा मोतीराम चहा पीत होता.

"भाडं येत नसलं तरी कर बसतोच," कारकून शांतपणे म्हणाला. "घराला किती भाडं येऊ शकेल, ते सरकार पाहतं. मालक परदेशी, तेव्हा इथे त्यांचं घर सांभाळणाऱ्याने भरायचा. घर तर या साडूंच्याच ताब्यात दिसतंय. नोटीस यांच्या नावे निघेल."

मोतीरामचा चहा बशीतच राहिला. "साहेब, मी साडू नाही. साधा भाडेकरू आहे."

हा मोतीराम आपल्याला सापळ्यात ढकलतोय, हे भागुबाईंनी तेव्हाच ताडलं. "रुसलेत पाहुणे," त्या कारकुनाला म्हणाल्या. "सकाळी जरा बोलाचाली झाली आमची."

"भाडेकरू आहात, तर भाडं देता का?" कारकुनाने मोतीरामला विचारलं.

मोतीराम घुटमळला. "हल्ली नाही दिलं."

"आक्का, खरं काय ते सांगा ना," सिंधुबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पाहा, आक्का म्हणते," भागुबाई म्हणाल्या.

कारकुनाने मोतीरामचं नाव लिहून घेतलं. त्या दिवशी भागुबाई पोटभर जेवल्या.

नोटीस आली. मोतीराम मुकाट्याने कचेरीत जाऊन कर भरून आला आणि त्याने पावती नीट घडी घालून ट्रंकेत ठेवली. खिडकीतून ते पाहताना भागुबाईंच्या मनात पाल चुकचुकली. परक्याच्या घराचा कर कोणी असा निमूट भरतं का? सरकारदरबारी घर सांभाळणारा हा, पावती याच्या नावाची. उद्या रंगनाथ परत आला तर याचीच परवानगी काढून आत यायचा.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसून होत्या.

"साहेब, तो साडू नाही नि कोणी नाही. घर माझ्या ताब्यात आहे. भाडं मीच घेत आलेय, रंगनाथ गेल्यापासून."

"मग तेव्हापासूनचा कर निघेल, बाई."

"निघू द्या. त्याचे पैसे त्याला परत करा आणि पावती माझ्या नावाने फाडा."

कारकुनाने नवा कागद ओढला. तो आपलंच नाव लिहितोय ना, हे पाहायला भागुबाई टेबलावर वाकून उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नजर त्यांनी हलवली नाही.